गाणं उघडून बघायची रीत: किंग टबीसारखा डब घरी कसा करायचा

इचलकरंजीतल्या आमच्या दुकानात अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच रांग लागायची. रात्रभर डॉल्बी ताणलेली असायची. कुणाचा अँप जळालेला, कुणाच्या बेसच्या खोक्यातली कॉइल करपलेली, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, “अण्णा, काल दुपारपर्यंत चांगला होता हो.” अण्णा म्हणजे माझे वडील. ते अँप उघडायचे, इनपुटला रेडिओचा आवाज द्यायचे आणि एकेक टप्पा तपासत पुढं सरकायचे. प्रीअँपला आवाज आहे? आहे. टोनच्या खुंट्यांनंतर? आहे. ड्रायव्हरनंतर? गेला. मग सोल्डरिंगची कांडी तापवायची ती तिथल्याच डागासाठी. मी शेजारी स्टुलावर बसून डाग द्यायला शिकले. पुढं दुकान मी एकटी बघायला लागले तरी गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, “अण्णा नाहीत का?”

नंतर पुण्यात साउंडच्या कामाला लागले तेव्हा एका मित्रानं पेन ड्राइव्हवर काही गाणी दिली. त्यात ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’ होतं. पहिल्या मिनिटातच मी हेडफोन काढून त्याची पिन बघितली. वाटलं, वायर हलतेय. गिटार येते नि जाते, गाणारा शब्द सुरू करतो आणि तो अर्ध्यातच कुठंतरी विहिरीत पडतो, ड्रमचा एखादाच ठोका लांब घरंगळत जातो. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे तर अण्णांचंच काम! कुणीतरी चालू गाण्याचे टप्पे तोडून बघतंय आणि ते तोडणंच आपल्याला ऐकवतंय. यालाच डब म्हणतात: तयार रेकॉर्डिंगमधले आवाज काढत-घालत, प्रतिध्वनीत टाकत केलेला नवा मिक्स.

तो कुणीतरी खरोखरच दुरुस्तीवाला होता. ऑस्बर्न रडॉक, म्हणजेच किंग टबी, जन्म २८ जानेवारी १९४१, गाव जमैकाची राजधानी किंग्स्टन. रेडिओ दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, नाचाच्या कार्यक्रमांना लागणारे अँप बांधायचा. १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यानं स्वतःची साउंड सिस्टिम उभी केली, टबीज होमटाउन हाय-फाय. त्याचं चरित्र मी सलग सांगणार नाही, मधेमधे येईल तसं येईल. कारण त्याच्या प्रत्येक युक्तीमागं एखादी अडचण आहे, आणि ती अडचण कळली की युक्ती आपोआप हाताला येते. तुमच्याकडून एक डब करून घेणं, एवढंच या लेखाचं काम.

आधी कागद-पेन्सिल

मिक्सरला हात लावायच्या आधी दोन गाणी ऐका. पहिलं, जेकब मिलरचं ‘बेबी आय लव्ह यू सो’. दुसरं, त्याच रेकॉर्डिंगचा टबीनं केलेला डब, म्हणजे वर सांगितलेलं ‘रॉकर्स अपटाउन’. १९७५ साली हे दोन्ही एकाच तबकडीच्या दोन बाजूंना होते. निर्माता ऑगस्टस पाब्लो, मेलोडिका वाजवणारा तोच (मेलोडिका म्हणजे फुंकून वाजवायची हातातली पेटी समजा). ड्रमवर कार्लटन बॅरेट, बेसवर रॉबी शेक्सपिअर.

कागदावर चार रकाने करा: ड्रम, बेस, गिटार-ऑर्गन, गळा. डब लावा आणि घड्याळ बघत प्रत्येक रकान्यात लिहा की कोण कधी आलं, कधी गेलं. कंटाळा येईल. तरी एकदा पूर्ण करा. मी केलं तेव्हा पहिले दोन रकाने जवळजवळ भरलेले दिसले आणि शेवटचे दोन भोकाभोकांचे. गळ्याच्या रकान्यात तर नुसत्या तुकड्यांच्या नोंदी. हा कागद जपून ठेवा, पुढं तोच नकाशा म्हणून वापरायचा आहे.

गळा काढून टाकायची कल्पना टबीची नव्हे. १९६०च्या दशकाच्या शेवटी स्पॅनिश टाउन गावचा साउंड सिस्टिमवाला रडी रेडवुड किंग्स्टनला ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत नाचासाठी तबकडी कापून, म्हणजे तिच्यावर गाणं कोरून, घ्यायला गेला. गाणं पॅरागॉन्सचं, ‘ऑन द बीच’. इंजिनिअर बायरन स्मिथकडून गळ्याचा ट्रॅक सोडायचा राहिला आणि नुसतं वाद्यांचंच गाणं तबकडीवर उतरलं. रेडवुड ते तसंच घेऊन गेला, नाचात वाजवलं, आणि गळा नाही म्हटल्यावर लोकच गायला लागले. त्यातून ‘व्हर्जन’ जन्माला आलं. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचं बिनगळ्याचं रूप, आणि निर्मात्याला दुसरी बाजू फुकटात. टबी त्या काळात ड्यूक रीडकडं तबकड्या कापायच्या कामाला होता. त्याच्या सिस्टिमवर माइक धरणारा यू-रॉय या मोकळ्या जागेत बोलायचा, ओरडायचा, लयीत गप्पा मारायचा. १९७०मध्ये यू-रॉयच्या रेकॉर्ड जमैकात पहिल्या तीन क्रमांकांवर एकाच वेळी होत्या.

सामान

टबीची खोली छोटी होती. वॉटरहाउस भागात १८, ड्रोमिली अव्हेन्यू, आईच्या घरातली एक खोली. गळा रेकॉर्ड करायची जागा म्हणजे न्हाणीघर. बँड तिथं मावायचाच नाही, म्हणून वादन दुसऱ्या स्टुडिओत व्हायचं आणि टेप त्याच्याकडं यायची. त्याच्या खोलीत एकही वाद्य नसलं तरी चालत होतं. तुमच्याकडंही नसलं तरी चालेल, हे मुद्दाम सांगते, कारण पोरं पहिला प्रश्न विचारतात तो कुठला कीबोर्ड घ्यायचा हाच.

लागतं ते असं. एक गाणं, चार वेगळ्या ट्रॅकमध्ये. सहा-आठ चॅनेलचा साधा मिक्सर, ज्याला निदान एक ऑक्स सेंड आहे (ऑक्स म्हणजे चॅनेलचा आवाज वेगळ्या वायरीनं बाहेर पाठवायची खुंटी). जुना, खरखरीत खुंट्यांचा, दुसऱ्याकडून घेतलेला चालेल. एक डिले, म्हणजे आवाज थोड्या वेळानं परत परत ऐकवणारं यंत्र. गिटारवाल्यांचं पायाशी ठेवायचं पेडलही पुरतं. कॉम्प्युटरमधून चार आवाज वेगवेगळे बाहेर काढणारा ऑडिओ इंटरफेस. आणि अखेरचा मिक्स रेकॉर्ड करायला दोन चॅनेल.

मिक्सर नसेल तर रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्येही होतं, पण मग फेडर (आवाज वर-खाली करायच्या सरकत्या कळा) आणि खुंट्या असलेला एखादा छोटा कंट्रोलर जोडा. माउसनं एका वेळी एकच खुंटी फिरते, आणि डबला दोन्ही हात लागतात, कधीकधी कोपरसुद्धा.

चारच ट्रॅक का, असं विचाराल. डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओनं नवी मशिनरी घेतली तेव्हा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं जुनं एमसीआय कंपनीचं मिक्सिंग डेस्क निर्माता बनी लीच्या मध्यस्थीनं टबीकडं आलं. चार ट्रॅकचं ते डेस्क त्यानं उघडून आपल्या हाताला जुळेल असं करून घेतलं. आज ते सिएटलच्या संग्रहालयात काचेआड आहे म्हणतात तेव्हा मला अण्णांचा मल्टिमीटर आठवतो, पण ते जाऊ दे. मुद्दा असा की चार ट्रॅक म्हणजे चार बोटं. कुठलं बोट कुठं आहे हे न बघता कळतं. माझ्याकडं एकदा एका बँडनं बावीस ट्रॅक आणून दिले. मी आधी ते चारात कोंबले आणि मगच डब केला.

गाणं दुसऱ्याचं असेल तर घरात सराव करा, बाहेर सोडू नका. बाहेर सोडायचं असेल तर स्वतःचं किंवा मित्रांचं रेकॉर्ड करा. रेकॉर्ड करताना एकच काळजी घ्या: एका माइकमधलं दुसऱ्यात गळू देऊ नका. मी मोठ्या हौसेनं आमच्या गल्लीतल्या भजनाचा डब करायला गेले होते. पखवाज, टाळ, पेटी, बुवा, सगळे एकाच खोलीत, दोन हात अंतरावर. पखवाजाचा फेडर खाली ओढला तरी तो बुवांच्या माइकमधून तितकाच दणदणत होता. टाळ तर सगळीकडंच. शिवाय त्या संगीतात जागाच मोकळी नसते. टाळकरी एक मात्रा सोडत नाही आणि सोडूही नये. रेगेचं, म्हणजे टबीच्या जमैकन संगीताचं, उलट. आपल्याकडं समेवर सगळे भेटतात, आणि रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात नेमका पहिल्या मात्रेवरच ड्रमर हात वर धरतो आणि वजन तिसऱ्या मात्रेवर टाकतो. गिटार फक्त उलट्या मात्रांना चिमटे काढते. त्या मोकळ्या जागांत प्रतिध्वनी राहायला येतो.

जोडणी, आणि इथं घाई नको

चार ट्रॅक मिक्सरच्या १ ते ४ चॅनेलला द्या. ड्रम, बेस, गिटार-ऑर्गन, गळा, याच क्रमानं, कागदासारखं. ऑक्स सेंडची वायर डिलेच्या इनपुटला. डिलेचं आउटपुट मात्र मिक्सरच्या ‘रिटर्न’ला देऊ नका. ते पाचव्या चॅनेलला द्या. रिटर्नवर बहुधा एकच खुंटी असते. चॅनेलला दिलंत की प्रतिध्वनीला स्वतःचा फेडर मिळतो, टोन मिळतो, आणि स्वतःची ऑक्सची खुंटी मिळते.

ही शेवटची खुंटी म्हणजे जादू आणि धोका दोन्ही. पाचव्या चॅनेलचा ऑक्स उघडलात की प्रतिध्वनी परत डिलेत जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. घड्याळात नऊ वाजल्याइतका उघडा, शेपूट लांबेल. बाराच्या आसपास कुठंतरी तो मरायचाच थांबतो आणि प्रत्येक फेरीला फुगत जातो. त्याला परत आणायचं ते फेडरनं नाही, त्याच ऑक्सनं. पहिल्या दिवशी मी फेडरकडं धावले. स्पीकरमधला आवाज गेला, पण आत डिले फुगतच राहिला (ऑक्स फेडरच्या आधीचा असेल तर हे होतं, त्याबद्दल खाली). फेडर परत वर घेतला तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंत वाजवली. सरावाच्या दिवशी हेडफोन नकोत, छोटे स्पीकर लावा आणि आवाज बोलण्याइतका ठेवा. कान बदलून मिळत नाहीत.

तुमच्या मिक्सरचा ऑक्स फेडरच्या आधीचा आहे की नंतरचा, हे बघून घ्या. बऱ्याच मिक्सरवर त्यासाठी बटण असतं. नंतरचा असेल तर फेडर खाली आला की डिलेकडं जाणंही थांबतं, मागं फक्त शेपूट उरतं. आधीचा असेल तर फेडर पूर्ण खाली ठेवूनसुद्धा गळा डिलेला पाठवता येतो. म्हणजे माणूस ऐकूच येत नाही, त्याचा प्रतिध्वनीच तेवढा येतो, डोंगरापलीकडून हाक आल्यासारखा. मी गळ्यासाठी आधीचा आणि ड्रमसाठी नंतरचा वापरते. एकच ऑक्स असेल तर नंतरचा घ्या, शिकायला सोपा.

डिलेचं गणित

६०,००० भागिले गाण्याचा वेग. उत्तर मिलिसेकंदांत येतं. मिनिटाला ७५ ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. अर्धा ठोका ४००, पाऊण ठोका ६००. अर्ध्यावर डिले लावलात तर प्रतिध्वनी गिटारच्या चिमट्यांवर जाऊन बसतो आणि दिसेनासा होतो. पाऊणवर लावलात तर तो मधल्या फटींत पडतो आणि ठेक्याशी भांडत पुढं जातो. मी सुरुवात नेहमी पाऊणपासून करते, मग कानाला पटेपर्यंत किंचित मागंपुढं. नेमक्या ६००पेक्षा ५९०ला जास्त जीव असतो कधीकधी. का ते विचारू नका.

टबीकडं आकडे लावायची खिडकी नव्हती. त्याचा डिले टेपचा होता. टेप आधी रेकॉर्ड करणाऱ्या हेडवरून जाते आणि जरा पुढं असलेल्या वाचणाऱ्या हेडवरून. ते अंतर कापायला लागणारा वेळ म्हणजेच डिले. हेडमध्ये २ इंच अंतर आणि टेप सेकंदाला साडेसात इंच पळत असेल तर साधारण २६७ मिलिसेकंद. वेग दुप्पट केला की १३३. प्रत्येक फेरीत टेप आवाजाची धार खाते, म्हणून तो जुना प्रतिध्वनी दूर जाताना अंधुक होत जातो. आपला डिजिटल डिले दहाव्या फेरीलाही दात घासल्यासारखा स्वच्छ असतो, तेच वाईट. उपाय: पाचव्या चॅनेलचा ट्रेबल चांगलाच कमी करा आणि बेसही थोडा काढा. आता प्रत्येक फेरी या टोनमधून जाईल आणि दर वेळी थोडी झिजेल. या एका गोष्टीनं पेडलचा आवाज एकदम बदलतो.

हात

गाणं सुरू करा, चारही फेडर वर. आठ आवर्तनं काहीच करू नका. ऐकणाऱ्याला घर दाखवल्याशिवाय भिंती पाडण्यात मजा नाही.

आता पहिली चाल. गळ्याची ओळ संपत आली की शेवटच्या अक्षराच्या थोडं आधी गळ्याचा ऑक्स झटक्यात उघडा, अक्षर आत गेलं की बंद करा आणि त्याच हातानं गळ्याचा फेडर खाली. फक्त तेवढं एक अक्षर डिलेत अडकलं पाहिजे. पूर्ण शब्द गेला तर चिखल होतो. पहिल्या वीस वेळा तुम्हाला उशीर होईल, कारण आपण ऐकून मग हलतो. गाणं पाठ करा, श्वास कुठं घेतलाय ते पाठ करा, आणि गाणाऱ्याबरोबर मनात म्हणत हात आधीच उचला. तबलजी समेच्या आधी मान उचलतो तसं.

दुसरी चाल. गळ्याचं शेपूट वाजत असतानाच गिटार-ऑर्गन खाली. उरले ड्रम आणि बेस. इथं नवशिक्यांचा हात शिवशिवतो. काहीतरी करायलाच हवं असं वाटतं. करू नका. ड्रम आणि बेस एकटे चार आवर्तनं चालू द्या. त्यांच्यावरच तर सगळं उभं आहे. मग गिटारचा एकच चिमटा आत सोडा, ऑक्स उघडा ठेवून, आणि फेडर लगेच बंद. तो चिमटा पाऊण ठोक्यानं स्वतःलाच उत्तर देत लांब जाईल.

तिसरी चाल ड्रमची. स्नेअर किंवा काठीचा एक ठोका निवडा, आवर्तनातला शेवटचा, आणि तेवढाच डिलेला द्या. इथं पाचव्या चॅनेलचा ऑक्स घड्याळातल्या बाराकडं नेलात तर तो एक ठोका शंभर घोड्यांसारखा येतो. तो फुगायला लागला की बेस काढा. हो, बेस. दोन मात्रा नुसता घोंघाट, खाली जमीनच नाही. मग घोंघाटाचा ऑक्स शून्यावर आणि त्याच क्षणी, पहिल्या मात्रेवर, बेस परत वर. छातीत बसतो. हे तीन-साडेतीन मिनिटांत एकदाच करायचं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा लोकांना दोरी दिसते.

चारही बोटांना सवय झाली की आपला आधीचा कागद समोर ठेवा आणि टबीच्या नोंदींप्रमाणे एकदा हात फिरवा. नक्कल म्हणून. मग कागद उलटा करा.

सगळा मिक्स एका दमात करायचा. मधे चुकलं तर थांबून तेवढाच तुकडा बदलू नका. पहिल्यापासून परत. एका संध्याकाळी सहा-सात वेळा करा, सगळे रेकॉर्ड करा, तारीख आणि नंबर घाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री जो अफाट वाटला होता तो बहुधा नसतो. माझा सगळ्यात चांगला मिक्स तो आहे ज्यात मला मध्येच खोकला आला आणि गिटार आत आणायची राहिली.

स्प्रिंग, खुंटी आणि ट्याँऽऽ

हे पुढच्या आठवड्यासाठी. जुन्या गिटार अँपच्या तळाशी एक पत्र्याची पेटी असते, आत दोन-तीन स्प्रिंगा. आवाज एका टोकानं स्प्रिंगेत जातो, थरथरत दुसऱ्या टोकानं निघतो. टबीच्या रेकॉर्डमध्ये वीज कोसळल्यासारखा आवाज येतो तो अशाच स्प्रिंग रिव्हर्बच्या पेटीला ठोसा मारून काढलेला. तुमच्याकडं असा अँप असेल तर गाणं चालू असताना पेटीला बोटाच्या पेरानं टिचकी मारा. ठोसा नको. त्या स्प्रिंगांच्या टोकाच्या तारा केसाएवढ्या असतात, तुटल्या तर डाग देताना डोळे जातात. आणि अँप व्हॉल्व्हचा असेल तर तो उघडून आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जोरदार झटका देण्याइतके भरलेले राहतात. ज्याला ते कळतं त्याच्याकडं न्या.

एमसीआय डेस्कवरची त्याची आवडती गोष्ट म्हणजे फिल्टरची मोठी खुंटी. पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारी, खालचा आवाज कापत कापत ७० हर्ट्झपासून साडेसात हजारापर्यंत जाणारी. ती फिरली की अंगातलं सगळं रक्त उतरावं तसा ड्रम पातळ होत होत नुसती शिट्टी उरतो. बनी लीच्या गाण्यांमध्ये झांजेचा ‘त्स्स, त्स्स’ चालतो त्याच्यावर ही खुंटी ऐका. तुमच्या मिक्सरवर ती नसेल तर सॉफ्टवेअरमधला हाय-पास फिल्टर ड्रमच्या ट्रॅकवर लावा आणि त्याला कंट्रोलरची एक खुंटी द्या. सरळ रेषेत फिरवू नका, टप्प्याटप्प्यानं झटके द्या. तो टकटकीत बदल म्हणजेच टबी.

त्याच्या रेकॉर्डमध्ये मधेच एक ट्याँऽऽ येतो. तो टेस्ट टोन. आम्ही अँप तपासायला वापरतो तो. मशीन जुळवायचा आवाज त्यानं गाण्यात टाकला! मी पहिल्यांदा ओळखला तेव्हा दुकानात एकटी हसले.

ली पेरी या दुसऱ्या डबवाल्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याचाही स्टुडिओ चार ट्रॅकचा, घराच्या मागं, नाव ब्लॅक आर्क. १९७३च्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’वर दोघांचा हात आहे. पण पेरी थरावर थर चढवत जातो, धुरासारखा. शिकायला तो अवघड. आधी टबी.

मग हे कुठं वाजवायचं

टबी रात्री मिक्स करायचा तो बऱ्याचदा डबप्लेटसाठी. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप, त्यावर गाणं कापायचं. काही डझन वेळा सुई फिरली की खोबण झिजून जाते. तोपर्यंत ते एकाच साउंड सिस्टिमकडं असतं, दुसऱ्याकडं नाही, आणि समोरच्या सिस्टिमवाल्याला हरवायला तेच हत्यार. एकाच टेपचा प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा मिक्स मिळायचा. म्हणून तुमच्या सहा-सात मिक्सपैकी ‘खरा’ कुठला हे ठरवत बसू नका. एक ताईला द्या, दुसरा मित्राला.

वाजवा मात्र मोठ्या बेसवर. मोबाइलच्या स्पीकरवर डब म्हणजे अर्धं गाणं गायब. आमच्याकडं डॉल्बीवाल्यांची कमी नाही. कुणाची तरी दोन बेसची खोकी दुपारी रिकामी असतातच. माझा पहिला मिक्स मी असाच एका गोदामात लावून बघितला. खोक्यांचा मालक दोन मिनिटं ऐकून म्हणाला, “गाणं कधी सुरू होणार?” त्याला बेस परत येतो ती जागा ऐकवली, तेव्हा तो खोक्याला हात लावून उभा राहिला. गोव्यात २०१६पासून गोवा सनस्प्लॅश नावाचा रेगे महोत्सव भरतो. अशा ठिकाणी साउंड सिस्टिमसमोर उभं राहून ऐकण्याचा योग आला तर सोडू नका. कानात बोळे घालून जा.

टबीकडं शिकायला आलेल्या पोरांचीही गोष्ट थोडक्यात सांगते, कारण त्यातले एक मला फार जवळचे वाटतात. प्रिन्स जॅमी १९७६च्या सुमारास आला. १९८५मध्ये त्यानंच कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढलं आणि जमैकाचं संगीत एका वर्षात डिजिटल झालं. टबीनंही त्याच वर्षी नवा स्टुडिओ उभा केला. दुसरा हॉपेटन ब्राउन, ज्याला जग सायंटिस्ट म्हणतं. तो अँपसाठी ट्रान्सफॉर्मर घ्यायला टबीकडं यायचा. मग तिथंच टीव्ही दुरुस्त करायला, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला लागला आणि हळूच डेस्कवर सरकला. वेढे मोजताना मधेच कुणी हाक मारली की आकडा चुकतो आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ज्यानं ते सोसलंय त्याला गाण्याची आवर्तनं मोजणं काय अवघड जाणार.

६ फेब्रुवारी १९८९ला टबी स्टुडिओतलं काम आटोपून घरी परतला. घराच्या दारातच कुणीतरी त्याला गोळी घातली. वय ४८. मारेकरी सापडला नाही.

आता मिक्सचा शेवट. गाणं संपलं तरी फेडर ओढू नका. शेवटचा ठोका किंवा गळ्याचं शेवटचं अक्षर डिलेत टाका, चारही ट्रॅक बंद करा आणि पाचव्या चॅनेलच्या ऑक्सवर बोट ठेवून त्याला विझू द्या. वीस सेकंद लागले तर लागू देत. पूर्ण शांत झाल्यावर मनात पाच मोजा, मग रेकॉर्डिंग थांबवा. आणि सगळं बंद करताना आधी अँप, मग मिक्सर. सुरू करताना उलट, अँप सगळ्यात शेवटी. चुकलात तर स्पीकरमधून ‘ठप्प’ असा आवाज येईल, तो दोन-चारदा आला की कॉइल जाईल, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला सांगाल की काल दुपारपर्यंत चांगला होता.